अर्धं तिकीट, अर्धं नाव

खोपटच्या एसटी स्थानकात पाच मिनिटं उभं राहिलं की सवलतींचं सगळं शास्त्र कळतं. पाच ते बारा वर्षांच्या पोराला अर्धं तिकीट. १७ मार्च २०२३पासून बायकांनाही अर्धं तिकीट. पाच वर्षांखालचं बाळ फुकट. आजूबाजूच्या इमारतींत हल्ली जी बारशी होतात, तिथेही जवळपास हेच दरपत्रक लागू आहे. बाळाच्या नावात आई अर्धी, बाप अर्धा. बाळ फुकट, म्हणजे नावात त्याच्या वाट्याचं काहीच नाही.

फॅशन आता सगळ्यांच्या अंगवळणी पडली आहे. बापाच्या नावातली दोन अक्षरं घ्यायची, आईच्या नावातली दोन घ्यायची, सांधा दिसू नये म्हणून मध्ये एखादा ‘य’ नाहीतर ‘आ’ भरायचा आणि शेवटी मुलगा असेल तर ‘अंश’, मुलगी असेल तर ‘आरा’ लावून मोकळं व्हायचं. या पद्धतीने ठाण्यात इतके अंश जन्माला आलेत की पूर्ण माणूस शोधावा लागेल.

परवा आमच्याच इमारतीत असं एक बारसं झालं. पाळण्यामागे फुग्यांची कमान, तिच्यावर वळणदार इंग्रजी अक्षरांत नाव, त्यातली आईची अक्षरं गुलाबी, बापाची निळी. नाव इथे छापत नाही. ज्याचं आहे त्याची परवानगी घ्यावी म्हटलं, तर त्याला अजून मानसुद्धा धरता येत नाही. आत्याच्या हातात चिठ्ठी होती. बाळाच्या कानात कुर्र करून नाव सांगायचा मान तिचा, पण नाव काही तिच्या जिभेवर बसेना. दोनदा चिठ्ठीत डोकावून तिने जे सांगितलं ते कळलंच असेल तर एकट्या बाळाला.

“अर्थ काय गं याचा?” चौथ्या मजल्यावरच्या आजींनी बाळंतिणीला विचारलं.

“अर्थ म्हणजे आम्ही दोघंच की, आजी!” उत्तर बाळाच्या बापाने दिलं.

“हो का? बरं. मी आपली सोन्या म्हणीन.”

आजींचं हे धोरण खोपटकरांना नवं नाही. आपल्या शेजारच्या चौकाला सगळं ठाणं कॅडबरी जंक्शन म्हणतं. ज्या कंपनीवरून ते नाव पडलं, तिच्या परदेशी मालकांना २०१२मध्ये जोडनावाची हौस आली. कर्मचाऱ्यांकडून सूचना मागवल्या गेल्या, ‘जग’ आणि ‘स्वादिष्ट’ या अर्थांचे दोन तुकडे सांधले गेले आणि ‘मोंडेलीझ’ तयार झालं. २०१४मध्ये भारतातल्या कंपनीनेही तेच नाव घेतलं. आता रिक्षात बसून “मोंडेलीझ जंक्शन” म्हणून बघा. रिक्षावाला तुम्हाला उतरवणार नाही, पण निघणारही नाही.

जोडनावांतला खरा धोका मात्र उच्चाराचा नाही. धोका मराठीचा आहे, कारण ही भाषा मुळातच खवचट. समजा, बाप नीलेश आणि आई रसिका. दोघंही उत्साही, हौशी, नाटकवेडे. त्याचं पहिलं अक्षर आणि तिची पहिली दोन जुळवली की होतं ‘नीरस’. विनय आणि कृतिका यांनी कितीही प्रेमाने अक्षरं जुळवली तरी ‘विकृती’ दारात उभी राहते. कुणाल आणि रूपाली यांची मुलगी कितीही गोड निघाली तरी या शास्त्रानुसार ती ‘कुरूपा’. असे पालक मग अक्षरं उलटी लावतात, मागून घेतात, मधून घेतात, आणि अखेरीस जे हाती येतं ते कोणत्याच भाषेत काही म्हणत नाही. त्यावर मोबाइलवर ‘संस्कृतमध्ये अर्थ: तेजस्वी’ असं कुठेतरी सापडतंच. संस्कृतात तेजस्वी या अर्थाचे किती शब्द होते हे पाणिनीलाही माहीत नसेल.

ही हवा आली कुठून, तर बरीचशी पडद्यावरून. आदित्य चोप्रा आणि राणी मुखर्जी यांची २०१५मध्ये जन्मलेली मुलगी आदिरा. शाहिद कपूर आणि मीरा यांची २०१६मध्ये जन्मलेली मुलगी मिशा. दोघांचं एकेक अक्षर, कारागिरी चोख, फक्त मराठी घरात ही हाक मारली तर आजोबा उठून आरशात बघतील. त्याच्याही कितीतरी आधीचं उदाहरण तर लग्न करून लातूरच्या देशमुखांकडे आलं. जेनिलियाचं नाव तिच्या आईच्या जेनेट आणि वडिलांच्या नील या नावांतून झालंय. तिथे निदान आई पुढे आहे. केरळात ही रीत आपल्या पुष्कळ आधी रुजली. तिथल्या ख्रिस्ती घरांत आई-वडिलांची अक्षरं जुळवून मुलांची नावं ठेवणं इतकं सर्रास आहे की त्याचं कौतुकसुद्धा कुणी करत नाही. आपण कौतुकासाठीच करतो.

आणि जगात कुणी काय काय जोडलंय! फिलिपीन्समध्ये देशातल्या तीन द्वीपसमूहांची, लुझोन, विसायास आणि मिंडानाओ यांची, अक्षरं जुळवून मुलींचं नाव ठेवतात लुझविमिंडा. म्हणजे आपल्याकडे कोकण, विदर्भ आणि मराठवाडा एकाच पाळण्यात. त्याच देशाचे २०१० ते २०१६ या काळातले उपराष्ट्राध्यक्ष जेजोमार बिनाय. जीझस, जोसेफ आणि मेरी हे पवित्र कुटुंब एका माणसात मावलेलं. क्रांतीनंतरच्या रशियात व्लादिमीर लेनिनचा ‘व्लाडलेन’ झाला. तिथे मुलाच्या नावात आई-बापालाही जागा उरली नाही, पक्षाने ती घेतली. आणि ‘व्हेनेसा’ हे आज साधंसुधं वाटणारं नाव जोनाथन स्विफ्टने एस्थर व्हॅनहोम्री या मैत्रिणीच्या आडनाव-नावाचे तुकडे जोडून कवितेसाठी बनवलं. कविता १७२६मध्ये छापली गेली. स्विफ्टने तिच्याशी लग्न मात्र केलं नाही. अक्षरं जुळली म्हणून माणसं जुळतात असं नाही, हे तेव्हाच सिद्ध झालं होतं.

आपल्याकडे जोडनावं नव्हती असं नव्हे. पण ती ठेवायची जागा वेगळी होती. दांडेकरांनी १९३१मध्ये शाईचा धंदा काढला आणि ‘कॅमल’ व ‘इंक’ यांचं पुढे ‘कॅमलिन’ झालं. मराठी पोरांच्या तीन पिढ्यांनी ते कंपासपेटीवर वाचलं. डोंबिवलीत ज्यांच्या नावाचं कॉलेज आहे त्या केशव विष्णू पेंढरकरांनी ‘विष्णू इंडस्ट्रियल केमिकल कंपनी’ काढली, तिचं ‘विको’ झालं. वडिलांचं नाव दंतमंजनाच्या डब्यावर चढवलं, अर्धंच, पण कुणाची तक्रार नाही. डब्याला काय, त्याला शाळेत हजेरीला ‘प्रेझेंट’ म्हणायचं नसतं.

माणसांची जोडनावंही होती आणि ती आजच्यापेक्षा कितीतरी उदार होती. सीताराम. राधाकृष्ण. लक्ष्मीनारायण. उमाशंकर. गौरीशंकर. नीट बघा. बाई पुढे, पुरुष मागे. दोघांपैकी कुणाचंही एक अक्षर कापलेलं नाही. आणि हे नाव ठेवायचं मुलाला! ज्या काळाला आपण उठताबसता पुरुषप्रधान म्हणून शिव्या घालतो, त्या काळातला बाप आपल्या पहिल्या मुलाला सीतेचं अख्खं नाव आधी देऊन मग रामाकडे वळत होता. आजचा समतावादी बाप बायकोच्या नावातलं एक अक्षर घेतो, तेही दुसऱ्या क्रमांकावर, आणि वर त्याचं स्टेटस ठेवतो. शिवाय सीताराम नावाच्या मुलाच्या आईचं नाव सीता नसायचं, बापाचं राम नसायचं. नाव कुणा तिसऱ्याचं होतं. देवाचं म्हणा, गोष्टीतल्या माणसांचं म्हणा. ते आई-बापांच्या मालमत्तेतलं नव्हतं.

डोंबिवलीकरांना एक उदाहरण घरचं आहे. शंकर नारायण नवरे यांना अवघा महाराष्ट्र ‘शन्ना’ म्हणाला. त्यातही बाप आहे, नारायणाचा ‘ना’ आहे. गजानन दिगंबर माडगूळकरांच्या ‘गदिमा’त तर बाप आणि गाव दोन्ही. पण पहिलं अक्षर ज्याचं त्याचं. आणि ही नावं पाळण्यात ठेवलेली नव्हती. आधी लिहिलं, मग लोकांनी प्रेमाने आखडून दिली.

आता जोडनावांची बाजूही मांडू. नाहीतर पुढच्या बारशाचं जेवण बंद व्हायचं.

एक तर नावावरून होणारी भांडणं. जन्माक्षर, कुलदैवत, आजोबांचं नाव पुढे चालवायचा हट्ट, सासरची यादी, माहेरची यादी. हस्त नक्षत्रावर जन्मलेल्या बाळाला पंचांग पू, ष, ण आणि ठ अशी चार अक्षरं देऊ करतं. ‘ण’वरून नाव ठेवून दाखवणाऱ्याला माझ्याकडून पेढे. ‘ठ’वरून ठेवलं तर पुढे मुलाला वकील लागेल. अशा वेळी दोघांची अक्षरं घेतली की दोन्ही घरांचं तोंड बंद होतं. कुणाचंच पूर्ण झालं नाही, म्हणून कुणीच पूर्ण हरलं नाही. नवराबायको वेगळ्या जातीचे, वेगळ्या भाषेचे असले तर प्रश्न आणखी नाजूक. ठाण्याच्या इमारतींत अशी घरं मजल्यागणिक आहेत. तिथे या बाजूचा देव घेतला तर त्या बाजूची आजी रुसते. मग ज्याला देव नाही, जात नाही आणि अर्थही नाही असं नाव सगळ्यांना सोसतं. अर्थात जात लपवायची हौस पहिल्या शब्दापुरतीच. तिच्यामागून आडनाव येतंच आहे, सगळी माहिती घेऊन.

दुसरं, आईचा प्रश्न खरा आहे. फार लांब नाही, दोन पिढ्यांमागे लग्नाच्या दिवशी तबकातल्या तांदळांत अंगठीने नवं नाव लिहिलं जायचं आणि माहेरून आलेली मुलगी त्या क्षणापासून दुसरीच कुणीतरी व्हायची. कित्येक घरांत नातवंडांना आजीचं माहेरचं नाव तिच्या शाळेच्या दाखल्यावरूनच कळलं. त्या मानाने सुनेचं एक अक्षर नातवाच्या नावात टिकलं, ही प्रगती नाही असं मी म्हणणार नाही. एसटीच्या भाषेत पन्नास टक्के.

आणि नावावरून आई-बापांनी आपलं म्हणणं जगाला ऐकवायची खोड तर जुनीच. मुलं जगत नसली की धोंडू, दगडू, कचरू. काळाने त्याच्याकडे ढुंकून बघू नये म्हणून. मुली जास्त झाल्या की नकुशा. सातारा जिल्ह्यात ऑक्टोबर २०११मध्ये जिल्हा परिषदेने कार्यक्रम घेऊन अशा २८५ मुलींना नवी नावं दिली. त्या मुलींना हाक मारली की दरवेळी त्यांच्या आई-बापांची निराशा ऐकू यायची. तिच्यापुढे आजच्या जोडनावातून ऐकू येणारं आई-बापांचं परस्परप्रेम शंभरपट बरं. पण दोन्हीकडे हाक पोराला आणि बोलणं आई-बापांचं, एवढं साम्य उरतंच.

आता खरी गंमत. मार्च २०२४मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ठरवलं की १ मे २०२४ आणि त्यानंतर जन्मलेल्या मुलाचं नाव सरकारी कागदांवर या क्रमाने लिहायचं: बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. आई आता कागदावर पूर्ण आली, आणि बापाच्या आधी आली. ज्यासाठी अक्षरांची जुळवाजुळव चालली होती ते काम सरकारने एका निर्णयात उरकलं. (सरकार वेळेवर काम करतं तेव्हा जनता बेसावध असते.) यात नवल वाटायचंही कारण नाही. याच महाराष्ट्रात एकोणीसशे वर्षांपूर्वी राजे आईच्या गोत्रावरून ओळख सांगत होते: गौतमीपुत्र सातकर्णी, वासिष्ठीपुत्र पुळुमावी. नाशिकच्या लेण्यांत गौतमी बलश्रीने लेकाची कीर्ती दगडात कोरवून घेतली. तिने स्वतःचं नाव आखडून ‘गौसात’ वगैरे काही केलं नाही.

पण ठाण्यातलं जोडप्यांचं प्रेम निर्णयाला दाद देत नाही. आईचं नाव पूर्ण आलं तरी जोडनाव चालूच. परिणाम असा की आपल्या त्या काल्पनिक नीलेश-रसिकाच्या मुलाचं सरकारी नाव ‘नीरस रसिका नीलेश’ आणि पुढे आडनाव. मोजा. आई दोनदा, बाप दोनदा, खानदान एकदा. चार शब्द, आणि त्यांत मुलाचं स्वतःचं एकही अक्षर नाही. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेवर तो आयुष्यभर आई-बापांची हजेरी लावणार.

हे नीरसचं झालं. त्याला बहीण झाली म्हणजे? चांगली अक्षरं पहिल्यावर खर्च झाली, उरलेल्या ‘लेश’ आणि ‘का’ यांत संसार करायचा. दुसरं मूल म्हणजे मोठ्याचे कपडे हे ऐकून होतो; आता मोठ्याची उरलेली अक्षरंही. शिवाय एक गोष्ट बारशात बोलू नये म्हणतात, पण सदर लिहिणाऱ्याला जेवायला बोलावल्यावर एवढं चालायचंच. दोघांचं पुढे जमलं नाही तर फ्लॅट विकून वाटणी होते, गाडी एकाकडे जाते, कुत्रं दुसऱ्याकडे. मुलाच्या नावातून दुसऱ्याची अक्षरं परत काढून घ्यायची सोय कुठल्याही कौटुंबिक न्यायालयात नाही.

स्पेलिंगचा तर वेगळा ताप आहे. अंकशास्त्रवाला सांगतो ‘ए’ दोनदा लावा, तिसरीकडे एक ‘एच’ घाला, म्हणजे बेरीज शुभ येईल. मराठीत ते नाव एक, इंग्रजीत दुसरंच. १ ऑक्टोबर २०२३पासून सुधारित कायदा लागू झाला आणि त्यानंतर जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेश, आधार, पासपोर्ट, वाहन परवाना, मतदारयादी, लग्ननोंदणी आणि सरकारी नोकरी या सगळ्यांच्या मुळाशी जन्माचा दाखला आला. म्हणजे हौसेने घातलेला जादा ‘एच’ पाळण्यापासून निवृत्तीपर्यंत सोबत येणार. दुरुस्तीच्या रांगेत उभं राहताना त्याची शुभ बेरीज कामी येत नाही, हे महापालिकेच्या खिडकीपुढे उभ्या असलेल्या कुणालाही विचारा. नाव बदलायचंच झालं तर राजपत्रात छापून आणायचं. तिथेही जुन्या नावाचा उल्लेख राहतोच.

तेव्हा ज्यांच्या घरी पाळणा हलणार आहे त्यांना एकच सांगणं. घाई नाही. जन्माची नोंद २१ दिवसांत करावी लागते, पण नाव त्याच दिवशी दिलं पाहिजे असं बंधन नाही. नोंदीत नाव भरायला पहिल्या वर्षात शुल्क पडत नाही, आणि पुढे विलंब शुल्क भरून ते पंधरा वर्षांपर्यंत भरता येतं. पंधराव्या वर्षी पोर आपलं नाव काय असावं हे तोंडाने सांगू शकतं. तेवढं थांबायची तयारी नसेल, आणि ती कुणाचीच नसते, तर आई-बापांनी आपली अक्षरं सरकारने दिलेल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या जागेवर ठेवावीत. पहिली जागा बाळाची आहे. ती रिकामी करा.